सहावा ब्लाउज

अक्काचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हात कसा हाय गं?" जेवण झालं का, रानात काय पेरलं, तुझ्या मालकांचं गुडघं काय म्हणतंय, हे सगळं मागाहून. आधी हात. ऐकणाऱ्याला वाटेल, काय ही थोरल्या बहिणीची माया! मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

मी वडूजला ब्लाउज शिवते. बाजाराच्या कडेला एक लहानसा गाळा आहे. त्यात पायाचं मशीन, एक आरसा आणि भिंतीवर खुंट्यांना लटकलेले गिऱ्हाइकांचे मापाचे ब्लाउज. मालक फौजेतून रिटायर होऊन आले आणि कोरडवाहू रान बघायला लागले. पाऊस झाला तर ज्वारी होते, नाही झाला तर फौजेतल्या गोष्टी होतात. दिवसभर मी बायकांच्या छातीला टेप लावते. कुणाची डावी बाजू जरा भरलेली, कुणाची उजवी उतरलेली, हे मला त्यांच्या नवऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. माझी गाठही मला टेपनेच सांगितली. सगळ्या गिऱ्हाइकांचं उरकल्यावर दिवाळीचा स्वतःचा ब्लाउज बेतायला घेतला, तर डाव्या बाजूला टेपखाली हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, लवकर हलले असते.

अक्का सांगलीत दिलेली. आमचे दाजी हळदीच्या अडतीत दिवाणजी आहेत, त्यामुळे त्यांच्या घरात उशा-पांघरुणांनाही हळदीचा वास. वडूजहून दर खेपेला एसटीने जाणं-येणं झेपणार नव्हतं, म्हणून उपचार सांगलीत झाले आणि तितके महिने मी अक्काकडेच राहिले. डावी छाती पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. डॉक्टर म्हणाले, "या हाताने घागर उचलायची नाही. या हाताला सुई टोचू द्यायची नाही." मी म्हटलं, "डॉक्टर, मी शिवणकाम करते." ते म्हणाले, "मग अंगुस्तान घाला." बस्स, एवढाच काय तो सल्ला. त्यानंतर आयुष्य कसं काढायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेर बाकावर बायकांची ही रांग होती.

बाकीचं सगळं अक्काने केलं, हे आज रागाच्या भरातही मी नाकारणार नाही. जखमेला लावलेली नळी आणि त्या नळीची बाटली ती रिकामी करायची. मला उलट्या व्हायच्या तेव्हा पदराने तोंड पुसायची, फडकं शोधत बसायची नाही. मला न्हाऊ घालताना कुणाचीही नजर जिथून फिरली असती तिथून तिची कधी फिरली नाही. मालक महिन्यातून एकदा यायचे, दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि "काय म्हणतीया तब्येत?" असं अक्कालाच विचारायचे. त्यांनी ती जागा आजवर एकदाही बघितलेली नाही. बघू नका असं मी कधी म्हटलं नव्हतं.

बाहेर काय सांगायचं हेही अक्कानेच ठरवलं.

"गावात कुणी इचारलं तर सांगायचं, पिशवी काढली," ती म्हणाली. "पिशवीला कोण काय म्हणत न्हाई. आपल्याकडं घराआड एकीची काढलेली हाय."

ते खरं होतं. आमच्या भागात गर्भाशय काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं. चाळिशीच्या आत पिशवी काढून रानात खुरपायला परत गेलेल्या बायका मी ढिगाने दाखवीन.

"आणि दुसऱ्या कशाचं नाव काढू नको," अक्का पुढे म्हणाली. "माझी पोरगी हाय. उद्या रगतातला रोग म्हणत्याल आन् दारात कोण उभं ऱ्हायचं न्हाई."

माझी भाची तेव्हा शाळेत होती. मला मूल नाही, त्यामुळे जे काही लाड करायचे ते तिचेच. तिच्यासाठी मी पिशवी काय, दोन्ही डोळे काढले असंही सांगितलं असतं. तिलाही सांगितलं की मावशीचे केस तापाने गेले. दाजी आणि मालक सोडले, तर बायकामाणसांत हे एकट्या अक्काला ठाऊक. केस परत येईतोवर मी सांगलीतच राहिले आणि मग वडूजला आले ती पिशवी काढलेली बाई म्हणून.

दोन गोष्टी मी सांगलीहून घेऊन आले.

एक म्हणजे उशी. जखम भरल्यावर अंगात ब्लाउज घातला तर डावी बाजू पोकळ लोंबायला लागली. जी बाई साऱ्या गावाचं फिटिंग करते तिचाच ब्लाउज असा! दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं की बाजारात तयार मिळतं, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मी बसून सांगितलं आणि अक्काने शिवलं, कारण माझा हात अजून वर होत नव्हता. दाजींच्या जुन्या धोतराचं मऊ कापड, आत मोहरी. मोहरी घसरते, अंगाबरोबर आकार घेते. "लय झाली का? कमी करू?" असं विचारत अक्का ओंजळीने मोहरी घालत होती, काढत होती, मधेच एका हातात उशी आणि दुसरा हात माझ्या उजव्या बाजूखाली धरून वजन बघत होती. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. अक्काला शिवण येत नाही. तिचा धावदोरा वीतभरसुद्धा सरळ जात नाही. मी वाकड्या टाक्याला कधी माफ करत नाही, माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरी माझ्या नावाने बोटं मोडतात. पण ती उशी मी तशीच वापरली. मोहरी जुनी झाली की एक टोक उसवून बदलायची आणि तेवढंच शिवायचं. अक्काच्या बाकीच्या टाक्यांना हात लावला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. केमोच्या एका खेपेला मी अगदीच गळाले होते. आता पुढचं नको, मला वडूजला नेऊन सोडा, असं म्हणत होते. अक्काने माझी हनुवटी धरली.

"तू नुसती उभी ऱ्हा," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या घाण्याला मुसळाला पहिला हात तुझा. तुझ्याबिगर मी घाणा भरायची न्हाई."

घाणा म्हणजे लग्नघरातलं पहिलं कार्य. उखळात हळकुंडं आणि गहू घालायचे, दोन मुसळं आंब्याच्या पानांसकट एकत्र बांधायची आणि पाच सवाशिणींनी मिळून ती धरून कांडायचं. तिथून लग्न लागल्यात जमा. आजारी माणसाला कशाचाही आधार होतो. कुणी देवाला धरतं, कुणी डॉक्टरला. मी त्या मुसळाला धरलं. लाईटचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना टेबलावर एकटीला सोडून सगळे बाहेर जायचे, तेव्हा मी डोळे मिटून भाचीचा घाणा बघायचे. पुढे वडूजला दर सकाळी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम करायचे, तोही मुसळाच्या उंचीपर्यंत हात गेला पाहिजे म्हणून. हात भिंतीच्या खुंटीपर्यंत पोचला त्या दिवशी मी गिऱ्हाइकांना पेढे वाटले. कशाचे विचाराल तर सांगितलं, असंच.

मध्ये वर्षं गेली. भाची शिकली, नोकरीला लागली आणि तिचं लग्न ठरलं. सगळे ब्लाउज अर्थात माझ्याकडे. आजकाल घाण्याच्या सवाशिणींनी एकसारख्या साड्या नेसायची पद्धत पडली आहे, फोटो चांगला येतो म्हणे. अक्काने दाजींच्या हाती पाच हिरवे ब्लाउजपीस पाठवले, बरोबर पाच मापाचे ब्लाउज. सगळे सांगलीचे, परक्या शिलाईचे. माझ्या मापाचा त्यात नव्हता. साहजिक आहे, शिवणारीला तिचंच माप कोण पाठवतं? पण मग कापडं तरी सहा यायला हवी होती. अक्का लहानपणापासून गणितात कच्ची. तिच्या वाटणीचा मारही मी खाल्लेला आहे. मी मनातल्या मनात तिला हसले. फोन करून चूक दाखवावी तर लग्नघरात बिचारी आधीच गोंधळलेली. म्हणून मी माझा सहावा ब्लाउज त्या पाचांतूनच काढला. बाह्या आडव्या टाकल्या, प्रत्येक कापडातून चिंधी चिंधी वाचवली, काखेत जोड घातले, पाठ दोन तुकड्यांची केली. बाहेरून एक शिवण जास्त दिसणार नाही, इतक्या सफाईने. इतका सुरेख ब्लाउज मी माझ्यासाठी कधीच शिवला नव्हता. डाव्या बाजूला आतून अस्तराचा खिसा केला आणि त्यात मोहरीची उशी बसवली. हिरवी साडी माझ्याजवळ होतीच.

घाण्याच्या सकाळी मी ती साडी आणि तो ब्लाउज घालून अंगणात आले. उखळ धुऊन, हळदीची बोटं ओढून मांडलेलं होतं. अक्काची नजर माझ्या ब्लाउजवर पडली आणि तिथंच राहिली.

"ह्यो कवा शिवलास?"

"तुझं गणित कच्चं, म्हणून," मी म्हटलं.

ती हसली नाही. "हात कसा हाय?"

"बरा हाय की."

"तरी पण तू खुर्चीत बस. हाताला तरास नको. सुजला म्हंजी लग्न सोडून तुझ्यामागं पळायचं."

खरं सांगते, मला भरून आलं. एवढ्या घाईगर्दीत हिला माझा हात आठवतो! मी खुर्चीत बसले आणि वाट बघत राहिले. मला वाटलं, आधी तयारी होऊ दे, मुसळाला पहिला हात लावायची वेळ आली की ही हाक मारेल.

तेवढ्यात बातमी आली की पाचांपैकी एकीला सकाळीच अडचण आली, ती येणार नाही. चौघीच उरल्या. आणि त्या चौघींचं लक्ष एकदमच माझ्याकडे गेलं.

"आवं, मावशी हाय की! ब्लाउज बी तयार!"

"आलेच," म्हणत मी उठले.

"न्हाई न्हाई," अक्का घाईने म्हणाली. "तिचा हात दुखतोय."

"न्हाई दुखत, अक्का. आन् उजव्या हातानं धरीन की. नुसता तर हात लावायचाय."

त्या चौघींत दाजींची म्हातारी चुलती होती. तिला वाटलं अक्का वेगळ्याच कारणाने अडतेय. ती मोठ्याने म्हणाली, "अगं पिशवी काढलेली चालती. माझी बी काढलीया, मी न्हाई का हुबी?" सगळ्या बायका खदखदून हसल्या. मीही हसले.

अक्का हसली नाही. माझं मनगट धरून तिने मला स्वयंपाकघरात नेलं. तेही डावं मनगट. आजवर तिने माझा तो हात कधी ओढला नव्हता.

"सगळं मलाच बोलाय लावू नको," ती दबक्या आवाजात म्हणाली. "देवाचं काम हाय. पुरी बाई लागती गं त्येला. माझ्या पोरीच्या संसाराला काय लागायला नको."

एवढं बोलून ती बाहेर गेली.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. आधी मला कळलंच नाही. मग कळलं. बाहेर अंगणात इतक्या बायका होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही मी चालत होते. त्यांच्या लेखी मी पिशवी काढलेली, धडधाकट, मापाचा ब्लाउज घातलेली मावशी होते. मी अर्धी आहे हे साऱ्या जगात एकाच बाईच्या डोक्यात होतं, आणि ती तीच होती जिने माझी बाटली रिकामी केली होती. मला वाटायचं की माझं गुपित तिच्याकडे ठेवलं म्हणजे ते सगळ्यात सुरक्षित ठिकाणी आहे. तिने ते राखलंही. कुणालाही सांगितलं नाही. फक्त मी अपुरी आहे यावर इतकी वर्षं स्वतः विश्वास ठेवत राहिली. म्हणजे मला न्हाऊ घालताना तिची नजर फिरत नव्हती, तेव्हा ती काय बघत होती? पाच कापडं आणि पाच मापं पाठवताना तिचं गणित एकदम पक्कं होतं. कच्ची मी निघाले.

आणि ओरडायची सोय नव्हती. अंगणात जाऊन "का नको मी?" असं विचारलं असतं तर उत्तरही तिथंच द्यावं लागलं असतं, आणि तिथं मुलाकडच्या दोघी-तिघी आलेल्या होत्या. भाचीसाठी मी तोंड बंद ठेवीन हे अक्काला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तिने मला बाहेर काढलं. हे मला त्या "पुरी बाई"पेक्षाही जास्त लागलं.

पाचवी म्हणून समोरच्या घरातली बाई आणली. ती बिचारी केर काढत होती, गाऊनवरच साडी गुंडाळून आली. तिला भाचीचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. मग मुसळाचा आवाज सुरू झाला. म्हातारी चुलती ओव्या म्हणायला लागली. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं, सगळं, शेवटपर्यंत.

हळदीने पिवळी झालेली भाची आत आली. माझ्या गळ्यात पडणार होती, पण साडीला हळद लागेल म्हणून थांबली.

"मावशी, तू का नव्हतीस गं? आई तर म्हणायची पहिला हात तुझाच."

"हात दुखायला लागला माझा, बाळा," मी म्हणाले.

अक्काचं खोटं माझ्याच तोंडून निघालं. ती दारात उभी होती. तिने ऐकलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तो श्वास मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात लग्न लागलं. मी त्याच हिरव्या ब्लाउजात होते, अक्षता पडेपर्यंत हलले नाही. भाचीच्या कपाळाला मुंडावळ्या, अंगात मी शिवलेला शालूवरचा ब्लाउज, फिटिंग असं की कुठे सुरकुती नाही. मी पोटभर बघून घेतलं. तिची पाठवणी झाली, गाडी फाटकातून बाहेर गेली, तेव्हा मी बाथरूममध्ये गेले आणि ब्लाउजच्या खिशातून उशी काढली.

निघताना अक्का माझी ओटी भरायला आली. तबकात तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस. आमच्याकडे बहिणी बहिणी एकमेकींची भरतात.

"आधी तुझी," मी म्हणाले.

तिने पदर पसरला. मी ओंजळीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, हळकुंड ठेवलं, सुपारी ठेवली. आणि वर मोहरीची उशी ठेवली. तिला आधी कळलं नाही. मग पदराखालून तिचा हात आला, बोटं कापडावरून फिरली आणि टाक्यांपाशी थांबली. स्वतःचे वाकडे टाके माणूस आंधळेपणीही ओळखतं.

"ह्ये कशाला?" तिने विचारलं.

"तुजंच हाय. मला पुरी करायला शिवलं व्हतंस," मी म्हणाले. "न्हाई झाले मी. ठिव आता तुज्यापाशी."

आजूबाजूला बायका होत्या. तिने पदर पोटाशी आवळून धरला, आत नारळ आणि ती उशी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते बघून बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. माझी ओटी तिने भरलीच नाही.

कार्यालयातून मी तशीच बाहेर आले. एक बाजू भरलेली, एक सपाट. सुरेख शिवलेला ब्लाउज डावीकडे सुरकुतून गेला होता. बायका बघत होत्या, एक दोघी कुजबुजल्या. एसटीत मालकांचं लक्ष गेलं. त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं, "पदर नीट घे." मी म्हणाले, "नीटच हाय." विट्याच्या स्टँडवर त्यांनी उसाचा रस आणला, दोन पेले, आणि माझा पेला माझ्या उजव्या हातात दिला.

आता मी माझे ब्लाउज एका बाजूला उभारासाठी टक्स घालून आणि दुसऱ्या बाजूला सरळ शिवते. असं बेतायला कोणी शिकवलेलं नाही, मीच बसवलं. गाळ्यात कुणी विचारलं तर सांगते, पिशवी नव्हती, छाती होती. काहीजणींनी मापाचे ब्लाउज परत नेले. काहीजणी मात्र बाकीचं गिऱ्हाईक गेल्यावर थांबतात, दार लोटून घेतात आणि माझा हात धरून स्वतःच्या काखेत नेतात. मी दाबून बघते आणि सांगलीला जायला सांगते.

अक्काचा फोन अजून येतो. उशीबद्दल ती बोलत नाही. घाण्याबद्दलही नाही. ती विचारते, "हात कसा हाय गं?"

"बरा हाय," मी सांगते. हात त्या दिवशीही बराच होता.